वार करण्याआधी वाराचं नाव ओरडणारी माणसं

रात्रपाळी (शनिवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं. आज ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि झोपायच्या आधी लिहायलाच बसले.

मी सोलापूरला एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते, चौदा वर्षं झाली. सॅम्पल मशीनला लावलं की आकडा सगळ्यात आधी मला दिसतो. खिडकीपाशी नातेवाईक उभे असतात, "ताई, काय आलं हो?" म्हणून विचारतात. मला माहीत असतं. पण सांगायचं डॉक्टरांनी, आणि ते बरोबरच आहे. मी म्हणते, "रिपोर्ट होतोय, डॉक्टर सांगतील." एका पाळीत हे वाक्य कितीदा म्हणते त्याला गणती नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात भाच्याने मला 'फेअरी टेल' हा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, लावून दिला. हिरो माशिमा यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षं चालली, तिचे ६३ खंड झाले. ॲनिमे २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१९ पर्यंत ३२८ भाग झाले. जादूगारांचा एक गिल्ड, म्हणजे संघ, त्यात आगीचा जादूगार नात्सु, बर्फाचा ग्रे, चिलखतं बदलणारी एर्झा, किल्ल्यांनी नक्षत्रांना बोलावणारी ल्युसी, उडणारं निळं मांजर. प्रत्येक जण वार करण्याआधी वाराचं नाव घसा फोडून ओरडतो. दर दोन-चार भागांनी कुणीतरी सांगतं की माझ्या माणसांना हात लावलास तर याद राख. माझ्या नवऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत निकाल दिला की हे फार बटबटीत आहे. आहेच ते बटबटीत. मला ते तसंच आवडतं आणि का आवडतं ते मला नीट सांगायचं आहे.

एकच प्रसंग सांगते. गिल्डमधली मुख्य मंडळी एका बेटावर अडकतात आणि बाहेर सात वर्षं निघून जातात. परत येतात तर गिल्डची पार दैना झालेली, कर्जबाजारी, राज्यात सगळ्यात खालचा नंबर. नाव परत मिळवायला ती सगळी मोठ्या जादूस्पर्धेत उतरतात, तर हजारो लोक त्यांना बघून हुर्यो करतात. पुढे एक खेळ येतो. एका वाड्यात शंभर राक्षस: पन्नास अगदी साधे, तीस त्यांच्यावरचे, पंधरा आणखी वरचे, चार भयंकर आणि एक सगळ्यांचा बाप. स्पर्धकांनी पाळीपाळीने आत जायचं, एका वेळी किती घेणार ते आधी सांगायचं. चिठ्ठीत एर्झाला पहिली पाळी येते. ती सांगते, शंभर.

खेळ असा खेळतच नाहीत म्हणून तिला समजावू बघतात. ती आत जाते. मग काही मिनिटं नुसती तलवारींची, चिलखतांची, रक्ताची धावपळ, मागे बासरी आणि व्हायोलिनवर गिटारचा दणका. शेवटी ती उभी राहते तेव्हा अंगावर चिलखत नाही, छातीला पट्टी गुंडाळलेली, सगळीकडे जखमा, आणि तलवार वर धरलेली. मैदान गप्प होतं. मग तेच हुर्यो करणारे लोक उठून ओरडतात.

मी त्या दिवशी सकाळी साडेनऊला एकटी बसून रडले. ती जिंकणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. रडले ते तिने आकडा मोठ्याने सांगितला म्हणून. सगळ्यांसमोर शंभर म्हणाली आणि शंभर करून दाखवले. मला दिवसभर आकडा माहीत असतो आणि तो गिळून बसावं लागतं.

तुम्हाला असे धावते, भडक, टाळ्याखाऊ ॲनिमे आवडतात का? आवडत असतील तर नेमकं काय आवडतं? आवडत नसतील तरी लिहा.

तळजाई (शनिवार, सकाळी १०:०२)

ताई, फार सुंदर लिहिलंय. शंभरचा प्रसंग वाचताना पुन्हा काटा आला.

मी शाळेतून येऊन कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' बघणाऱ्यांतला. दप्तर दारात, हात न धुता टीव्हीपुढे. पण 'धावता' हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगतो, ते धावतं नव्हतं. त्यातला खलनायक फ्रीझा म्हणतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटेल, आणि ती पाच मिनिटं आठवडेच्या आठवडे पुरतात. मांगा दर आठवड्याला थोडी पुढे सरकायची आणि ॲनिमेला तिच्या मागेमागे जावं लागायचं, म्हणून नुसते चेहरे, नुसती गुरगुर, ढग. आता बरेच ॲनिमे बारा-तेरा भागांच्या हंगामात येतात आणि मध्ये थांबतात, मांगा पुढे गेली की परत येतात. त्यामुळे पाणी घालावं लागत नाही. पुतण्याबरोबर नवीन काही बघतो तेव्हा एका भागात इतकं घडतं की चहा गार होतो.

ओरडणं मात्र तेव्हाही हेच होतं. 'कामेहामेहा' हे त्यातल्या वाराचं नाव म्हणताना दोन्ही हात कमरेशी नेऊन आम्ही गच्चीवर तासन्‌तास उभे राहायचो.

अव्यक्त (शनिवार, सकाळी ११:३५)

मी विरुद्ध बाजूने लिहितो. राग नसावा.

रात्रपाळी यांनी निवडलेला प्रसंग चांगला आहे, पण ३२८ भागांत असे किती? बाकी वेळ काय होतं? नायक जमिनीवर पडतो, कुणीतरी मित्रांची आठवण काढतं, नायकाच्या अंगात बळ येतं, खलनायक भिंतीत जातो. मैत्री ही भावना आहे, तिला इंधनासारखं वापरलं की तिची किंमत जाते. शिवाय कुणी मरत नाही. मेलं असं वाटलं तरी परत येतं. मग जीव मुठीत धरून बघायचं कशासाठी?

मला कल्पनारम्यच हवं असेल तर मी 'फ्रीरेन' बघेन. २०२३ मध्ये आला. राक्षसांच्या राजाला मारून झाल्यावर गोष्ट सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगणारी ती चेटकीण, दहा वर्षं सोबत काढलेला माणूस गेल्यावर तिला कळतं की आपण त्याला ओळखूनच घेतलं नाही. कुणी ओरडत नाही. पानं हलतात, बर्फ पडतो, आणि आतपर्यंत जातं.

रात्रपाळी (शनिवार, दुपारी ४:२०)

अव्यक्त, राग कशाला. झोप झाली, आता शांतपणे उत्तर देते.

'फ्रीरेन' मीही पाहिला, पहिल्या भागात थडग्यापाशी ती रडते तिथे मीही रडले. पण बघा, तिथलं दुःख न बोललेल्या गोष्टीचं आहे. फेअरी टेलमधली माणसं ती चूकच करत नाहीत. वेळेवर बोलतात.

कुणी मरत नाही हे खरं, आणि शेवटच्या लढ्यांत ते मलाही खटकलं. एकदा रडवून घेतलं आणि मग माणूस परत आणून दिला, तेव्हा आधीचे अश्रू फुकट गेल्यासारखे वाटले. तिथे तुमचं म्हणणं मान्य. पण पणाला जीवच लावावा लागतो असं मला वाटत नाही. या गोष्टीत पणाला लागतो तो आपलेपणा. लक्ससचा प्रसंग आठवा. गिल्डच्या म्हाताऱ्या प्रमुखाचा सख्खा नातू, त्याने आपल्याच लोकांवर हात टाकला. आजोबा त्याला गिल्डमधून काढतात. त्या रात्री गावात गिल्डची मिरवणूक असते, रथ, दिवे, नाच. लक्सस गर्दीत मागे उभा राहून एकदा बघतो आणि निघतो. तेवढ्यात मिरवणुकीतला प्रत्येक जण अंगठा आणि तर्जनी ताणून हात आभाळाकडे नेतो. ही खूण लक्ससनेच लहानपणी आजोबांना शिकवलेली असते: तू दिसला नाहीस, कितीही लांब असलास, तरी माझं लक्ष तुझ्याकडे आहे. आजोबा रथावरून तीच खूण करतात. शिक्षा मागे घेत नाहीत, हात मात्र वर.

हे बटबटीत आहे. शंभर माणसं एकदम हात वर करतात, वर संगीत. पण घरातून कुणाला बाहेर काढावं लागलं असेल त्याला विचारा, खूण केवढी मोठी हवी असते.

मोगऱ्याची_ओंजळ (शनिवार, संध्याकाळी ५:०५)

वाचनखूण साठवली. लक्ससचा परिच्छेद दोनदा वाचला. लिहीत राहा.

निप्पोरी (शनिवार, रात्री ८:४८)

मी पुण्यात जपानी शिकलो आणि सात वर्षं तोक्योत राहतो. या धाग्यात एक गोष्ट घालतो, कारण ही ओरडाओरड जपानला नवी नाही.

काबुकी हा इथला जुना नाट्यप्रकार. गिन्झातल्या काबुकीझा नाट्यगृहात अख्ख्या खेळाऐवजी एकाच अंकाचं स्वस्त तिकीट मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी वरच्या मजल्यावर बसलो होतो. नट पुढे आला, एक पाय आपटला, मान गोल फिरवली आणि गोठला. डोळे तिरळे, बोटं ताणलेली. रंगमंचाच्या कडेला बसलेल्या माणसाने त्याच क्षणी दोन लाकडी ठोकळे फळीवर ताडताड आपटले. आणि माझ्या शेजारचे आजोबा एकदम ओरडले, त्या नटाच्या घराण्याचं नाव! मी दचकलो. त्या गोठण्याला 'मिए' म्हणतात. भावना टोकाला गेली की नट हलायचं थांबतो आणि सगळ्यांनी ती डोळे भरून बघायची. ही जोरकस शैली, 'आरागोतो', सतराव्या शतकाच्या शेवटी एदोमध्ये, म्हणजे जुन्या तोक्योत, पहिले इचिकावा दान्जुरो या नटाने रुजवली. तोंडावर लालकाळे पट्टे, अंगापेक्षा मोठे कपडे, भल्यामोठ्या तलवारी. ॲनिमेत वार करण्याआधी चित्र थांबतं, मागे रेघा धावतात, डोळे मोठे होतात, ते बघताना मला तो लाकडी ठोकळा ऐकू येतो.

नाव सांगणंही तसंच. १८६२ सालचं एक काबुकी नाटक आहे, त्यात पाच चोर छत्र्या घेऊन ओळीने उभे राहतात आणि प्रत्येक जण तालात आपलं नाव, गाव, आपण काय काय केलं ते सांगतो. पकडायला आलेले शिपाई तोवर थांबतात! १९७५ पासून टीव्हीवर आलेल्या रंगीत पोशाखांच्या पाच-पाच वीरांच्या मालिका हेच करतात, आणि तिथून ॲनिमेत. लढाईच्या मध्ये एवढं बोलतात कसे, असं भारतातले मित्र विचारतात. इथल्या प्रेक्षकाला ते विचित्र वाटत नाही, कारण त्याच्या पणजोबांनीही पैसे त्याच क्षणासाठी दिले होते. २०१५ मध्ये शिनबाशी एनबुजो नाट्यगृहात 'वन पीस' या मांगाचं काबुकी झालं, तेव्हा दोन्ही टोकं एकमेकांना भेटली.

अव्यक्त यांच्या आक्षेपालाही यात थोडं उत्तर आहे. काबुकीच्या प्रेक्षकाला गोष्टीचा शेवट पाठ असतो. तो बघायला येतो ते या नटाने ती जागा आज कशी घेतली.

चौकट (रविवार, सकाळी ७:३०)

निप्पोरी, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी मुंबईत ॲनिमेशनमध्ये काम करते, म्हणून हाताच्या बाजूने सांगते.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येकीसाठी वेगळं चित्र काढायचं तर माणूसबळ आणि पैसा दोन्ही संपतात. मांगाकार ओसामु तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने १ जानेवारी १९६३ ला 'तेत्सुवान आतोमु' (म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय') टीव्हीवर आणला, दर आठवड्याला नवा भाग. हे जमावं म्हणून एक चित्र तीन चौकटी धरलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. हलवायचं तेवढंच हलवलं, तोंड हलतं तर अंग स्थिर. उडण्याची, धावण्याची चित्रं जपून ठेवली आणि पुन्हा पुन्हा वापरली. त्या साठ्याला आजही बँक म्हणतात. रूप बदलण्याचं, मंत्र म्हणण्याचं जे दृश्य दर भागात तसंच्या तसं येतं, ते त्या बँकेतलं. गरजेतून आलं आणि प्रेक्षकाला त्याचीच ओढ लागली. आरतीचं कडवं यावं तसं ते येतं, लहान मुलं सोबत म्हणतात.

आणि हात आखडून वाचवलेली चित्रं जातात कुठे? लढाईत. 'ब्लॅक क्लोव्हर'चा ६३वा भाग काढा. आधी १७० भागांच्या या मालिकेबद्दल थोडं: आस्ता नावाचा अनाथ मुलगा, सगळ्या जगाकडे जादू आहे, याच्याकडे थेंबभरही नाही. २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा त्याच्या सततच्या ओरडण्याला लोकांनी फार नावं ठेवली. साधे भाग अगदी साधेच आहेत, मान्य. पण ६३व्या भागात तो लाद्रोसशी लढतो ते एकेक चौकट थांबवून बघा. रेघ सरळ राहत नाही. हात तीन चौकटींत वितळल्यासारखा लांबतो, चेहरा एका चौकटीत नुसता काळा फटकारा असतो, पुढच्या चौकटीत परत चेहरा. पार्श्वभूमीच उरत नाही, फक्त दिशा उरते. एखाद्या चौकटीत तर माणूस ओळखू येत नाही. ती चालवून बघा, छातीत धस्स होतं. कुणीतरी रात्रभर बसून ते हाताने काढलंय, आणि काढणाऱ्याला आस्ताचा राग मनापासून खरा वाटला असल्याशिवाय अशी रेघ येत नाही. मी रोज रेघा काढते, मला ते कळतं.

भावना पातळ ठेवून अशी लढाई काढताच येत नाही. रेघ एवढी ताणायची तर आत तेवढं ठासून भरलेलं लागतं. म्हणून मला पटकथेतलं ओरडणं आणि चित्रातलं ओरडणं वेगळं करता येत नाही.

अव्यक्त (रविवार, सकाळी ९:१५)

६३वा भाग पाहिला. फक्त लढाई, मग मागे जाऊन पूर्ण. चौकट यांचं म्हणणं डोळ्यांना पटलं. संवादांबद्दल मत तेच आहे. पण पहिला भागही बघितला, तिथे एक जागा लागली. साखळदंडांनी भिंतीला जखडलेला आस्ता क्षणभर खरंच हार मानतो. एरवी एवढा ओरडणारा मुलगा गप्प होतो. आणि सोबत वाढलेला यूनो, ज्याला सगळं मिळालंय, तो म्हणतो की हा माझा प्रतिस्पर्धी आहे. ते गप्प होणं लागलं मला.

रात्रपाळी (रविवार, सकाळी ९:४०)

ओरडणारा होता म्हणूनच गप्प झालेला ऐकू आला ना!

पाऊलवाट_१९ (रविवार, दुपारी १२:१०)

मी या सगळ्यांत लहान असेन. 'सोलो लेव्हलिंग'बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मूळ कोरियन वेब-कादंबरी, मग वेबटून (फोनवर वाचायची चित्रकथा), मग २०२४ पासून ॲनिमे. सुंग जिनवू हा सगळ्यात खालच्या दर्जाचा शिकारी. प्रत्येक वेळी मरता मरता वाचतो, तरी जातो, कारण आई झोपेच्या आजाराने दवाखान्यात आहे आणि बिल भरायचंय. नंतर त्याला एकट्यालाच दिसणारी एक पाटी रोजचं काम सांगते: १०० जोर, १०० सिट-अप, १०० बैठका, १० किलोमीटर धावणं. केलं तर ताकद वाढते, नाही केलं तर शिक्षा.

गेल्या वर्षी माझी आई चार महिने आजारी होती. बारावीचं वर्ष. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून हे बघायचो. आपण आज जे केलं त्याचा आकडा वाढलेला लगेच दिसतो, ही गोष्ट त्या दिवसांत मला कुठेच मिळत नव्हती. अभ्यासात नाही, आईच्या तब्येतीत नाही. मी खरंच जोर मारायला लागलो. पहिल्या दिवशी अकरा झाले.

दुसऱ्या हंगामात त्याच्या आईला जाग येते. तिथे लढाई नाही, स्फोट नाही. एवढा सावल्यांचा राजा झालेला मुलगा पलंगाशेजारी लहान होऊन रडतो. माझी आई तेव्हा घरी आली होती, शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने विचारलं, "का रे रडतोय तो?" मी म्हणालो, "त्याची आई उठली." ती काही बोलली नाही, मेथीची ताटली बाजूला ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून पुढचा सगळा भाग बघितला.

तळजाई (रविवार, दुपारी १२:३२)

बाळा, आईला नमस्कार सांग. जोर किती होतात आता?

पाऊलवाट_१९ (रविवार, दुपारी १२:४०)

सलग चाळीस, काका.

मोरपीस (रविवार, दुपारी ३:००)

एक अडचण सांगते, कुणीतरी वाट दाखवा. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिला फेअरी टेल बघायचंय, वर्गातल्या मैत्रिणी बघतात. मी आधी चार-पाच भाग बघितले. गोष्ट आवडली, पण मुलींचे कपडे, कॅमेरा कुठून कुठे फिरतो, ते बघून मन खट्टू झालं. ल्युसी एवढी हुशार आणि मनाची मोठी मुलगी, तिला सारखं तसं का दाखवायचं? याबद्दल धाग्यात कुणी बोललं नाही.

रात्रपाळी (रविवार, दुपारी ३:५०)

मोरपीस, बरोबर बोललात, आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. मलाही ते आवडत नाही, आणि धावत्या गोष्टीची ती गरजही नाही. एर्झाचा शंभरचा प्रसंग त्याच लोकांनी केला, म्हणजे त्यांना बाईला आदराने दाखवता येतं. मग इतर वेळी असं केलं की जास्त राग येतो. अकरा वर्षांच्या मुलीला मी अजून दोन-तीन वर्षं थांबायला सांगेन.

निप्पोरी (रविवार, संध्याकाळी ६:१५)

मोरपीस, 'स्लेयर्स' बघा. आधी एकटीने चार भाग बघून ठरवा, कारण तिथेही काही जुन्या धाटणीचे विनोद आहेत. पण नायिका म्हणजे लीना इनव्हर्स! हाजिमे कान्झाकांच्या छोट्या कादंबऱ्यांवरून १९९५ मध्ये २६ भागांची मालिका आली. त्या आधी जपानमध्ये तलवार आणि जादूच्या गोष्टी गंभीर चेहऱ्याने सांगितल्या जात, फासे टाकून खेळायच्या खेळांच्या वळणाने. लीना आली आणि सगळं हसतं केलं. ती दरोडेखोरांना लुटते, एका बैठकीत पाच जणांचं जेवते, आणि चिडली की लांबलचक मंत्र म्हणून अख्खा डोंगर उडवते. तिला स्वतःच्या ताकदीची लाज वाटत नाही. सोबतचा तलवारबाज गौरी तिला वाचवायला म्हणून येतो आणि बहुतेक वेळा तीच त्याला वाचवते. तिचा आवाज मेगुमी हायाशिबारा यांचा, शीर्षकगीतात गळाही त्यांचाच. तो मंत्र इथल्या चाळिशीतल्या बायकांना आजही तोंडपाठ आहे. माझ्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी एकदा जेवणाच्या सुट्टीत अख्खा म्हणून दाखवला, न अडखळता.

मोरपीस (रविवार, रात्री ९:२२)

दोन भाग पाहिले. मुलगी पाठीमागे येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. लीना ताटावर ताट संपवत होती. लेक म्हणाली, "आई, तिला कुणी कमी खा म्हणत नाही." मी मालिका थांबवली नाही. आता आम्ही दोघी बघतोय.

जुनी_पानं (रविवार, रात्री १०:०५)

ॲनिमे मी एकही पाहिलेला नाही, वय ७१. धागा पूर्ण वाचला. आमच्या वेळी बाबूराव अर्नाळकर होते. हजारांहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. गिरगावात वाचनालयातून रोज एक आणायची, दुसऱ्या दिवशी परत. त्यांचा नायक झुंजार येणार, संकटात सापडणार, सुटणार, हे ठाऊक असायचं. घरात हे वाचणं हलकं समजलं जायचं, मी पाठ्यपुस्तकात घालून वाचत असे. आज वाटतं, भराभर वाचायची सवय मला त्यांनीच लावली, पुढचं सगळं जड वाचन त्या जोरावर झालं. तुम्ही मंडळी लपूनछपून बघत नाही, एकमेकांशी बोलता, हे फार बरं केलंत.

कुडाळचो (सोमवार, सकाळी ८:१०)

निप्पोरींनी काबुकीचं लिहिलं तेव्हापासून मला बाबांचा पखवाज आठवतोय. माझे बाबा पस्तीस वर्षं दशावतारात पखवाज वाजवत होते. दिवाळी झाली की जत्रा सुरू, दर रात्री वेगळं गाव, देवळापुढे मांड. गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान. राजा येतो तो तलवार फिरवत, गोल रिंगण घेत, आणि आपण कोण ते स्वतः सांगतो. संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर उभे करतात. युद्धाला पखवाज चढत जातो आणि ठरलेल्या बोलावर दोघेही थांबतात, एकमेकांकडे बघत. आता ट्रिकसीन आलेत, धूर, उडणारी गदा, तोंडातून जाळ. म्हातारी माणसं नाकं मुरडतात आणि पुढच्या रांगेत बसतात.

त्यामुळे मला या ॲनिमेत परकं काही वाटलंच नाही. तुमच्यापैकी कुणी 'डेमन स्लेयर'चा १९वा भाग पाहिला असेल. ऑगस्ट २०१९ चा. राक्षसांशी लढणाऱ्या तान्जिरो या पोराची तलवार मोडलेली, शिकलेले सगळे डाव हरलेले, समोर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. मरताना त्याला बाप आठवतो. आजारी, हडकुळा बाप, दरवर्षी नव्या वर्षाला बर्फात अग्निदेवाचा नाच करायचा, संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. एवढा अशक्त माणूस रात्रभर कसा नाचतो, असं पोराने विचारलं तर बापाने सांगितलं होतं की श्वास घेण्याची एक रीत आहे, ती साधली की थकवा येत नाही. पोरगा तोच नाच तलवारीत आणतो. पाण्याच्या निळ्या रेघा लाल होतात आणि गाणं सुरू होतं.

बाबांना आज रात्री दाखवतो. बोटं आखडलीत त्यांची, वाजवत नाहीत आता.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ९:३०)

दाखवा आणि लगेच लिहा. आज मी ड्यूटीवर फोनकडे बघत बसणार आहे.

कुडाळचो (मंगळवार, सकाळी ७:०५)

दाखवलं. आधीची गोष्ट थोडक्यात सांगितली. बाबा खुर्चीत सरळ बसून होते, काही बोलले नाहीत. नाच सुरू झाला तेव्हा उजव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू चालायला लागली. गाण्याच्या तालावर नाही, त्या पोराच्या पावलांवर. संपल्यावर म्हणाले, "मागे घे." पुन्हा लावलं. बाप बर्फात नाचतो तिथे म्हणाले, "थांबव."

बराच वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, "बरोबर सांगल्यान बापाशीन. दम खंय घेवचो आणि खंय सोडूचो ता कळला, की रात कशी गेली ता कळणा नाय."

आणि माळ्यावरचा पखवाज खाली काढ म्हणाले, शाई तपासायची आहे.